कन्सोलचं कुलूप: मॉडिंग, पायरसी आणि कायद्याचा हात

गेम कन्सोल हा मुळात संगणकच. प्रोसेसर आहे, मेमरी आहे, ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तरी साध्या कॉम्प्युटरवर आपण वाटेल तो प्रोग्रॅम टाकू शकतो आणि कन्सोलवर मात्र कंपनीने मंजूर केलेलाच गेम चालतो. पैसे मोजून घेतलेल्या या यंत्राच्या आत एक कुलूप असतं आणि त्याची किल्ली मालकाला मिळत नाही. मॉडिंग (म्हणजे यंत्रात फेरफार करणं), पायरसी आणि त्यावरून झालेले खटले हे सगळं या एका कुलपाभोवती फिरतं.

बोलताना आपण तीन गोष्टींची सरमिसळ करतो. पहिली, यंत्रात बदल करणं: मोठी हार्ड डिस्क बसवणं, पंखा बदलणं, स्वतः लिहिलेला छोटा गेम चालवणं. दुसरी, कंपनीने घातलेलं कुलूप उघडणं. तिसरी, विकत न घेतलेल्या गेमची प्रत मिळवणं किंवा वाटणं. तिसरी गोष्ट म्हणजे पायरसी, आणि ती बेकायदा आहे याबद्दल कुठल्याच देशात फारसा वाद नाही. पहिल्या गोष्टीला सहसा कुणाची हरकत नसते. सगळा गुंता दुसऱ्या गोष्टीत आहे. स्वतःचा प्रोग्रॅम चालवू पाहणारा हौशी माणूस आणि फुकट गेम खेळू पाहणारा माणूस या दोघांना एकच कुलूप उघडावं लागतं. एकदा ते उघडलं की आत कोण कशासाठी आलं, हे कुलपाला ओळखता येत नाही. कायद्याने ते ओळखावं की नाही, हा खरा प्रश्न आहे.

कुलूप आलं कुठून

कन्सोल बहुतेक वेळा अगदी थोड्या नफ्यावर विकला जातो, कधी कधी तोट्यातही. कमाई होते ती गेममधून. दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेल्या प्रत्येक गेमवर कन्सोलवाली कंपनी परवान्याचे पैसे घेते. कोणीही उठून गेम विकू लागला तर हे गणित कोसळतं. निन्टेन्डोने १९८५ मध्ये अमेरिकेत आणलेल्या एनईएस या कन्सोलमध्ये म्हणूनच एक लॉकआउट चिप होती. तशीच जोडीदार चिप गेमच्या कार्ट्रिजमध्ये असायची. दोघींचं आपसात जमलं तरच गेम चालायचा, नाहीतर कन्सोल पुन्हा पुन्हा रीसेट होत राहायचा. हे कुलूप जितकं नकली प्रतींविरुद्ध होतं, तितकंच विनापरवाना गेम बनवणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्धही होतं. पुढच्या वादांची बीजं इथेच आहेत.

अटारी गेम्स या कंपनीला ही चिप काही केल्या उलगडेना. तेव्हा तिने अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाला, आपल्यावर खटला चालू आहे असं खोटंच सांगून तिथे जमा असलेला चिपचा प्रोग्रॅम मिळवला. १९९२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल अटारीच्या विरोधात गेला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अपील न्यायालयाने सेगा विरुद्ध अकोलेड खटल्यात उलट कौल दिला. अकोलेडने सेगाचे गेम बाजारातून विकत घेतले, उलगडून पाहिले आणि सेगाच्या कन्सोलवर चालतील असे स्वतःचे गेम लिहिले. न्यायालयाने ही गोष्ट ‘वाजवी वापरा’त, म्हणजे परवानगीशिवायही कायद्याला चालणाऱ्या वापरात बसवली. दोन्ही कंपन्यांचा हेतू सारखाच होता. एकीने ज्ञान खोटं बोलून मिळवलं, दुसरीने कष्टाने, आणि निकाल त्यावर फिरला. रिव्हर्स इंजिनिअरिंगला, म्हणजे तयार वस्तू उलगडून तिची रचना समजून घेण्याला, कायद्यात जी जागा आहे, तिचा मोठा आधार आजही अकोलेडचा निकाल आहे.

वाकडी रेघ आणि छोटी चिप

सोनीचं पहिलं प्लेस्टेशन १९९४ चं. त्याचं कुलूप फार कल्पक होतं. सीडीवरचा डेटा एका सर्पिल रेघेत असतो. सोनीच्या कारखान्यात छापलेल्या सीडीच्या सुरुवातीच्या भागात ही रेघ मुद्दाम किंचित थरथरती काढलेली असे आणि त्या थरथरीत चार अक्षरं दडवलेली असत. जपानसाठी एक गट, अमेरिकेसाठी दुसरा, युरोपसाठी तिसरा. घरच्या सीडी रायटरला ही थरथर काढताच येत नाही, कारण कोऱ्या सीडीवर रेघ आधीच आखलेली असते. म्हणजे गेममधला डेटा एकूणएक उतरवला तरी प्रत चालायची नाही.

मॉडचिपने यावर फार साधा तोडगा काढला. काही तारांनी बोर्डवर डाखलेली ही इवलीशी चिप सीडी ड्राइव्हच्या वाटेवर बसून तीच चार अक्षरं सतत पुटपुटत राहायची. कन्सोलला वाटायचं सीडी अस्सल आहे. आता एक गोष्ट लक्षात घ्या. या चिपमुळे नकली सीडी चालायची, पण जपानहून रीतसर पैसे देऊन मागवलेली अस्सल सीडीही युरोपातल्या कन्सोलवर चालायची, जी एरवी चालली नसती. एकच चिप, एक काम गैर आणि एक रास्त.

ऑस्ट्रेलियात हाच मुद्दा थेट हाय कोर्टापर्यंत, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मॉडचिप बसवून देणाऱ्या एका माणसावर सोनीने दावा लावला होता. २००५ मध्ये न्यायालयाने सोनीविरुद्ध निकाल दिला. तर्क ऐकण्यासारखा आहे. तेव्हाचा कायदा कॉपीराइटचा भंग रोखणाऱ्या उपायाला संरक्षण देत होता. प्लेस्टेशनचं कुलूप प्रत काढणं रोखत नव्हतं, आधीच काढलेली प्रत खेळणं तेवढं रोखत होतं. प्रत काढताना भंग होऊन गेलेला असतो, खेळणं हा वेगळा भंग नव्हे. मग हे कुलूप कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. सरकारने पुढच्याच वर्षी व्याख्या बदलली आणि प्रवेश रोखणाऱ्या कुलपांनाही संरक्षण दिलं. पण परदेशात घेतलेली अस्सल प्रत चालू न देणारी प्रदेशबंदी त्या संरक्षणातून जाणीवपूर्वक वगळली. मला हा मध्यममार्ग शहाणपणाचा वाटतो. नकली मालाला आळा आणि अस्सल माल घेणाऱ्याचा हक्क या दोन्हींचा त्यात विचार झाला.

सहीचं गणित

नंतरच्या कन्सोलमध्ये थरथरत्या रेघेची जागा डिजिटल सहीने घेतली. कंपनीकडे एक गुप्त किल्ली असते. मंजूर केलेल्या प्रत्येक गेमवर त्या किल्लीने सही होते. कन्सोलमध्ये असते फक्त सही तपासायची उघड किल्ली. तिने सही खरी की खोटी हे कळतं, पण नवी सही करता येत नाही. कन्सोल सुरू होताना ही तपासणी साखळीसारखी चालते: चिपमध्ये कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम पुढच्याची सही तपासतो, तो त्याच्या पुढच्याची, असं करत करत गेमपर्यंत. साखळीची पहिली कडी तुटली की पुढचं सगळं निकामी.

प्लेस्टेशन ३ ची गोष्ट मला यातली सर्वांत बोलकी वाटते. या कन्सोलवर सुरुवातीला लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकण्याची अधिकृत सोय होती. लोक त्यावर प्रोग्रॅमिंग शिकत, संशोधक गणनेसाठी तो वापरत. अमेरिकी हवाई दलाच्या प्रयोगशाळेने तर सुमारे १,७६० प्लेस्टेशन जोडून महासंगणक उभा केला होता. एप्रिल २०१० मध्ये सोनीने सुरक्षेचं कारण देऊन एका अपडेटने ही सोय काढून टाकली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. ज्यांना एवढे दिवस कुलूप फोडायची गरजच नव्हती, अशा हुशार लोकांना आता कारण मिळालं.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फेलओव्हरफ्लो नावाच्या गटाने एका सुरक्षा परिषदेत सोनीची चूक जाहीर केली. ही सही करताना दर वेळी एक नवा, कुणाला ओळखता न येणारा आकडा वापरायचा असतो. सोनीने प्रत्येक सहीला तोच आकडा वापरला होता. याचा परिणाम काय? एका सहीतून एक समीकरण मिळतं, पण अज्ञात संख्या दोन असतात: तो आकडा आणि गुप्त किल्ली. ते सुटत नाही. दुसऱ्या सहीत आकडा तोच असेल, तर दोन समीकरणं आणि दोनच अज्ञात. हे शाळेतल्या बीजगणिताने सुटतं आणि गुप्त किल्ली हातात येते. जॉर्ज हॉट्झ या तरुणाने जानेवारी २०११ मध्ये प्लेस्टेशन ३ ची मूळ किल्ली प्रसिद्ध केली आणि सोनीने लगोलग त्याच्यावर दावा ठोकला. काही महिन्यांत तडजोड झाली, सोनीच्या यंत्रांना पुन्हा हात लावणार नाही असं त्याने मान्य केलं. किल्ली मात्र जगभर पसरली होती.

निन्टेन्डो स्विचच्या बाबतीत खुद्द पहिली कडीच कच्ची निघाली. त्याच्या एनव्हिडिया चिपमध्ये कोरलेल्या प्रोग्रॅमला यूएसबीवरून दुरुस्तीसाठी बोलता येतं. समोरचा जितका डेटा मागेल तितका हा प्रोग्रॅम मुकाट्याने उतरवत जायचा, जागा पुरेल का हे तपासायचाच नाही. डेटा ठरलेल्या जागेबाहेर सांडला की प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदींवर जाऊन पडायचा आणि ताबा बाहेरच्या माणसाकडे जायचा. रीस्विच्ड गटाने ही खोट एनव्हिडिया आणि निन्टेन्डोला आधी कळवली आणि मग एप्रिल २०१८ मध्ये तपशील उघड केले. कोरलेला प्रोग्रॅम अपडेटने बदलत नाही. मार्च २०१८ अखेर निन्टेन्डोने १ कोटी ७७ लाखांहून अधिक स्विच विकले होते. त्या यंत्रांमधली खोट कायमचीच राहिली, नव्या यंत्रांत मात्र ती बुजवली गेली.

खोट शोधणाऱ्या या लोकांना चोर म्हणणं मला पटत नाही. त्यांनी काढलेल्या वाटेवर हौशी लोकांनी लिहिलेले प्रोग्रॅम, म्हणजे होमब्रू, चालले. त्याच वाटेने पायरसीचा धंदा करणारेही आले, हेही तितकंच खरं.

कायदा कुठे बोट ठेवतो

अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या डिजिटल कॉपीराइटच्या कायद्याने कुलूप उघडणं हाच स्वतंत्र गुन्हा केला. तुम्ही एकही गेम चोरला नसला तरी कुलूप उघडणं आणि उघडायची साधनं विकणं बेकायदा. दिवाणी दाव्यात कुलूप उघडण्याच्या प्रत्येक कृतीमागे २०० ते २,५०० डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. जाणूनबुजून आणि पैशासाठी केलं असेल तर ते फौजदारी होतं: पहिल्या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख डॉलरपर्यंत दंड.

ही तरतूद माणसावर कशी येते हे २०१० च्या कॅलिफोर्नियातल्या एका खटल्यात दिसलं. पैसे घेऊन दोन एक्सबॉक्स ३६० मॉड केल्याबद्दल एका विद्यार्थ्याला दहा वर्षांपर्यंतच्या कैदेची टांगती तलवार सोसावी लागली. न्यायाधीशांनी सरकारी पक्षाला भर कोर्टात खडसावलं: साक्षीदारांचं वागणंच कायद्याला धरून होतं का, आणि आरोपीला आपण गुन्हा करतोय हे माहीत होतं हे तुम्ही कसं सिद्ध करणार? साक्षीत आयत्या वेळी नवीच माहिती पुढे आली आणि तिसऱ्या दिवशी सरकारने खटला मागे घेतला. तो सुटला, पण सुटेपर्यंत त्याने काय भोगलं असेल याचा विचार मला अस्वस्थ करतो.

युरोपच्या न्यायालयाने २०१४ मध्ये निन्टेन्डो विरुद्ध पीसी बॉक्स प्रकरणात मोजमाप सुचवलं. कुलपाला संरक्षण आहे, पण ते प्रमाणात हवं. चोरी रोखण्यासाठी गरजेपेक्षा जास्त अडवणूक होते का आणि कुलूप उघडायचं साधन लोक प्रत्यक्षात कशासाठी वापरतात, हे बघायला हवं. त्याच न्यायालयाने २०२४ मध्ये असंही म्हटलं की खेळताना मेमरीतले आकडे तात्पुरते बदलणारं चीट सॉफ्टवेअर मूळ प्रोग्रॅमच्या कॉपीराइटचा भंग करत नाही. जपानने मात्र २०१८ मध्ये अनुचित स्पर्धा प्रतिबंधक कायदा बदलला आणि सेव्ह-डेटात, म्हणजे खेळाच्या साठवलेल्या प्रगतीत, फेरफार करणारी साधनं विकणं तिथे बेकायदा झालं. म्हणजे एका जागी धंदा, दुसऱ्या जागी गुन्हा.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. कुलूप उघडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, पण एका अटीवर: हेतू कॉपीराइटचा भंग करण्याचा असला पाहिजे. अमेरिकी कायदा कृतीकडे बघतो, हे कलम हेतूकडे. हौशी माणूस आणि पायरसी करणारा यांना वेगळं काढायचं असेल तर मला हीच वाट योग्य वाटते. पण म्हणून गेमची नकली प्रत खेळणं माफ होत नाही. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी त्याच कायद्यात ६३ब हे वेगळं कलम आहे आणि त्यात सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धंद्यासाठी वापर नसेल, तर कैद न देता फक्त दंड करण्याची मुभा न्यायालयाला आहे.

मोठी किंमत विकणारे मोजतात

जगभरचे खटले पाहिले तर कंपन्या घरी बसून खेळणाऱ्याच्या मागे क्वचित लागतात. त्या धंदा करणाऱ्याला गाठतात. टीम एक्झेक्युटर नावाची टोळी स्विच आणि इतर कन्सोलसाठी कुलूप उघडायची साधनं विकायची. तिच्या सॉफ्टवेअरला स्वतःचा परवाना होता, पैसे भरल्याशिवाय ते चालायचं नाही. इतकंच नाही, कुणी त्याच्याशी छेडछाड केली तर कन्सोलच अडकवून टाकणारा कोडही सुरक्षा संशोधकांना त्यात सापडला. दुसऱ्याची कुलपं फोडून कमावणाऱ्यांनी आपल्या मालाला लावलेलं हे कुलूप मूळ कंपनीच्या कुलपापेक्षाही निर्दय होतं.

या टोळीशी संबंधित एका कॅनेडियन माणसाला २०२० मध्ये अटक झाली. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याला ४० महिन्यांची कैद झाली. फौजदारी खटल्यातली भरपाई ४५ लाख डॉलर आणि दिवाणी तडजोडीतले एक कोटी डॉलर, म्हणजे एकूण १ कोटी ४५ लाख डॉलरचा बोजा त्याच्या डोक्यावर आला. सात वर्षांत त्याच्या हाती पडले होते सुमारे ३ लाख २० हजार डॉलर. सुटल्यावरही त्याच्या मिळकतीतला हिस्सा निन्टेन्डोकडे जात राहतो. दोषी तो होता, पण उरलेलं आयुष्य फेडूनही न फिटणारी रक्कम लादणं मला न्यायाच्या तराजूत बसताना दिसत नाही.

रॉम, म्हणजे गेमच्या फायली, फुकट वाटणाऱ्या संकेतस्थळांचंही तसंच. २०१८ मध्ये अशा दोन संकेतस्थळांच्या चालकांविरुद्ध १ कोटी २२ लाख डॉलरहून मोठ्या रकमेचा निवाडा तडजोडीने नोंदवला गेला.

एम्युलेटरची बाजू जरा नाजूक आहे. एका यंत्राची नक्कल दुसऱ्या यंत्रावर करणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर, आणि तो स्वतः बेकायदा नाही. प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीच्या बाजूने अमेरिकी अपील न्यायालयाने २००० मध्ये निकाल दिला होता. पण तेव्हाच्या गेमवर आजच्यासारखं कूटबद्ध आवरण नव्हतं. स्विचचा गेम एम्युलेटरवर चालवायचा तर आधी कन्सोलमधल्या किल्ल्या वापरून तो उलगडावा लागतो, आणि निन्टेन्डोने नेमकं तिथेच बोट ठेवलं. युझू या एम्युलेटरवर फेब्रुवारी २०२४ मध्ये दावा लागला. मे २०२३ मधला मोठा झेल्डा गेम बाजारात येण्याआधीच दहा लाखांहून अधिक वेळा डाउनलोड झाला, असा निन्टेन्डोचा आरोप होता. आठवडाभरात २४ लाख डॉलरची तडजोड झाली आणि युझू बंद पडला. कूटबद्ध गेमच्या एम्युलेटरबद्दल न्यायालय काय म्हणालं असतं, हा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राहिला.

खेळणाऱ्याचं काय होतं

सामान्य माणसाला पोलिसांपेक्षा आधी भेटते ती बंदी. प्रत्येक कन्सोलची स्वतःची डिजिटल ओळख असते, स्विचच्या प्रत्येक गेम कार्डचीही असते. ऑनलाइन जाताना दोन्ही सर्व्हरला दाखवल्या जातात. एकाच कार्डाची ओळख एकाच वेळी दोन ठिकाणांहून आली की प्रत काढली गेली आहे हे उघड होतं आणि यंत्राचा ऑनलाइन रस्ता बंद होतो. यात निरपराध माणूसही सापडू शकतो: कुणीतरी कार्डाची प्रत काढून ते जुन्या बाजारात विकलं, आणि ते प्रामाणिकपणे विकत घेणाऱ्याच्या यंत्रावर बंदी आली. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या बाबतीत असं घडलं आणि खरेदीचा पुरावा दाखवल्यावर बंदी उठल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून जुनं कार्ड किंवा जुना कन्सोल घेताना पावती जपून ठेवा आणि घेतल्या घेतल्या ऑनलाइन चालतो का ते पाहा.

मे २०२५ मध्ये निन्टेन्डोने वापराच्या अटीही कडक केल्या. अनधिकृत बदल केल्यास यंत्र किंवा त्यातल्या सेवा कायमच्या निरुपयोगी करण्याचा हक्क कंपनीने त्यात लिहून ठेवला. विकत घेतलेली वस्तू कंपनी दुरून बंद करू शकते, ही कल्पना मला कुठल्याही पायरसीइतकीच चिंतेची वाटते.

कुलूप ढिलं केलं की चोरी वाढते, हा समजही तपासून पाहायला हवा. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये एक्सबॉक्स वनवर डेव्हलपर मोड खुला केला. नोंदणी करून कुणीही आपला प्रोग्रॅम त्यावर चालवू शकतो, विकतचे गेम मात्र वेगळ्या, कडेकोट भागात राहतात. हौशी लोकांना हक्काचं दार मिळालं आणि तो कन्सोल फोडायची त्यांची निकड उरली नाही. तो बरीच वर्षं अभेद्य राहिला. त्याची रचना मजबूत होतीच, पण या दाराचा वाटाही मोठा आहे असं मला वाटतं.

दारं आणखीही हवीत. मार्च २०२३ मध्ये निन्टेन्डोच्या थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलची ऑनलाइन दुकानं बंद झाली आणि फक्त तिथेच मिळणारे गेम विकत घेण्याची सोय संपली. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासात अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात उपलब्धच नाहीत असं आढळलं. ते जपायचे तर कुलूप उघडावंच लागतं. अमेरिकेत दर तीन वर्षांनी डीएमसीएला अपवाद मागता येतात. २०२१ मध्ये कन्सोलचा बिघडलेला डिस्क ड्राइव्ह दुरुस्त करण्यापुरतं कुलूप उघडायची परवानगी मिळाली, काम झाल्यावर ते परत लावायच्या अटीवर. ग्रंथालयं आणि संग्रहालयांना जुने गेम जपता येतात, पण ते आपल्या वास्तूतच दाखवावे लागतात. अभ्यासकांना ते दुरून पाहता यावेत ही मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली. पुढची फेरी २०२७ मध्ये आहे.